टीझलच्या पेटीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, माझ्या पोटात सध्या कांद्याचं बी आहे. कांद्याचं, बिटाचं आणि थोडं घेवड्याचं. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावाबाहेर टेकडीच्या उतारावर लोकांना भाजी लावायला जमिनीचे लहान लहान तुकडे दिलेले आहेत. त्यातल्या एका तुकड्यावर पत्र्याचं खोपट आहे, तिथल्या फळीवर मी असते. मी एक जुनी ओक लाकडाची पेटी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, पुढे पितळेची कडी. वरून पाणी ठिबकतं, खालून ओल चढते आणि माझा डावा सांधा सुटत चालला आहे. पण माझं गाऱ्हाणं त्याचं नाही. बी सांभाळणं हे काही हलकं काम नव्हे, ते मी नेकीने करते. मला सलतं ते वेगळंच. ते सांगायचं तर मागे जायला हवं.

माझा जन्म लोकरीच्या कापडाच्या गिरणीत झाला. गिरणीतल्या सुताराने मला कापडाचे नमुने ठेवायला बनवलं होतं. प्रत्येक नमुना एका जाड कार्डावर चिकटवलेला असे आणि तशी तीनशे कार्डं माझ्यात उभी राहत. दुसरं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली, तेव्हा गिरणीत लोखंडी कपाटं आली. मग काय, आम्हा लाकडी पेट्यांना बॉयलरची वाट दाखवली. माझ्या चार बहिणी माझ्यासमोर आत गेल्या.

मला वाचवलं हेस्टर ग्रीनवुडने. ती गिरणीत रफूच्या खात्यात होती. मागावरून आलेलं कापड उजेडात उतरत्या टेबलावर पसरायचं आणि बोटांच्या टोकांनी चाचपत जायचं. गाठ लागली की चिमट्याने वर काढायची. धागा तुटला असेल तिथे सुईने नवा भरायचा, आणि तोही असा की कापडालासुद्धा कळू नये. चौदाव्या वर्षी शाळा सुटली त्या दिवसापासून ती हेच करत होती. डोळे मिटून ती सांगायची, "इथे आहे बघ गाठ."

तिने मुकादमाला विचारलं, "ही पेटी जाळणार आहात का?"

"मग काय तिची पूजा करू? तुला कशाला हवी आहे ती?"

"नवऱ्याचे शब्द ठेवायला. घरभर सांडून ठेवतो मेला."

मुकादम हसला आणि म्हणाला, "घेऊन जा बाई. नवऱ्याचे शब्द म्हणालीस म्हणून देतो. माझी बायको माझे शब्द चुलीत घालते."

मग बसमधून, मांडीवर घेऊन, तिने मला घरी आणलं. मित्रांनो, हे ध्यानात असू द्या. पुढे सगळे मला टीझलची पेटी म्हणू लागले, पण मला घरात आणलं ते हेस्टरने.

तिचा नवरा विल्फ्रेड पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. चांगल्या शाळेत शिकलेला, लॅटिन वगैरे येणारा, पण वडील लवकर गेल्यामुळे कारकुनीत अडकलेला. दिवसभर लोकांच्या नळांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या आणि संध्याकाळी शब्दकोडी रचायची. लीड्सच्या एका वर्तमानपत्रात दर गुरुवारी त्याचं शब्दकोडं छापून येई. कोडं रचणाऱ्याने आपलं खरं नाव सांगायचं नाही, टोपणनाव घ्यायचं, असा इकडे रिवाज आहे. त्याचं टोपणनाव होतं टीझल. टीझल म्हणजे एक काटेरी बोंड, गिरणीत त्याने कापडावरची लव उभी करतात. हे नावही हेस्टरनेच सुचवलेलं, बरं का. तो लॅटिनमधलं कसलंसं लांबलचक नाव घेऊन बसला होता. ती म्हणाली, "हे काय नाव आहे? हे तर आजाराचं वाटतं."

आता ही कोडी कशी असतात ते थोडं सांगते. तुमच्याकडे 'पाण्याला समानार्थी शब्द' असं सरळ विचारतात, तसं इथे नाही. इथलं प्रत्येक शोधसूत्र म्हणजे एक फसवं वाक्य. वाचावं तर भलतंच काही बोलतंय असं वाटतं, आणि उत्तर आतच दडलेलं असतं. त्यांची भाषा इंग्रजी, म्हणून तुमच्यासाठी मी मराठीत एक दाखला रचला आहे. समजा, उत्तर आहे 'तरबूज'. विल्फ्रेडने लिहिलं असतं, 'तर नंतर मान, मग फळ मिळे.' मान म्हणजे बूज. 'तर'पुढे 'बूज' ठेवा, झालं तरबूज. नियमात चोख. पण असं कोणी बोलतं का कधी? हेस्टर काय म्हणाली असती? 'पाहुणा आला तर बूज राखा, उन्हात गार वाटेल.' घरातली बाई घरातल्या माणसाला सांगते तसं. वाचणारा पाहुण्याच्या मागे लागतो, सरबताचा विचार करतो, आणि तरबूज आपलं तिथेच 'तर' आणि 'बूज'मध्ये उघडं बसलेलं असतं. सापडलं की माणूस कपाळावर हात मारतो आणि हसतो.

हा दोघांमधला फरक. विल्फ्रेडला नियम येत होते. हेस्टरला वाक्य येत होतं.

कामाची पद्धत अशी. एका शब्दाला एक कार्ड. वर शब्द, खाली त्याची सूत्रं, छापून आलं की पुढे तारीख, म्हणजे तेच सूत्र पुन्हा वापरलं जायला नको. विल्फ्रेड स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून निळ्या शाईने लिहायचा. हेस्टर बटाटे सोलत असायची. तो वाचून दाखवायचा आणि ती ऐकायची, कापड चाचपावं तशी.

"गाठ आहे," ती म्हणायची.

"कुठे?"

"मधे. तो 'नंतर' आहे ना, तो टोचतो. तू कुणाला कोड्यात घालायला निघाला आहेस ते लांबून दिसतं. गपचूप जा की."

"मग तूच सांग."

मग ती हात पुसायची, कानामागची पेन्सिल काढायची आणि त्याच कार्डावर खाली एक ओळ लिहायची. शाईचं पेन तिने हातात धरलं नाही. म्हणायची, "पेन शाळेतच राहिलं, माझी आपली पेन्सिल बरी." विल्फ्रेड ती ओळ वाचायचा आणि टेबलावर थाप मारून म्हणायचा, "अगं, डोकं आहे का काय तुझं!" दोघं हसायची. काय सांगू मित्रांनो, त्या वर्षांत माझ्या पोटात निळ्या ओळींपेक्षा पेन्सिलीच्या ओळी जास्त झाल्या. मी मोजल्या आहेत, मला दुसरा उद्योग काय होता?

पण वर्तमानपत्राकडे कोडं जायचं ते विल्फ्रेडने स्वच्छ कागदावर शाईत उतरवलेलं. तिथे पेन्सिल दिसायचीच नाही. टीझलला पत्रं येऊ लागली. एका पाद्रीबुवांनी कळवलं की, तुमच्या एका सूत्रावर मी अख्खा आठवडा हसतो आहे, प्रवचनातसुद्धा. कुठल्याशा इस्पितळातल्या परिचारिकांनी मिळून एक कार्ड पाठवलं. विल्फ्रेड ती पत्रं मोठ्याने वाचायचा. ज्या सूत्रांचं कौतुक असायचं ती बहुतेक पेन्सिलीची असायची. हेस्टर चुलीकडे तोंड करून म्हणायची, "बरं वाटलं ना तुला? झालं तर मग." तेव्हा तिला खरंच काही वाटत नव्हतं, असं मला वाटायचं. चुकलं माझं.

टीझलचं पाचशेवं कोडं छापून आलं तेव्हा वर्तमानपत्रातले कोड्यांचे संपादक मिस्टर लम चहाला घरी आले. मोठा माणूस, गळ्यात बो टाय, मिशा पांढऱ्या. हेस्टरने आल्याचा केक केला होता, आईच्या कपबश्या काढल्या होत्या आणि नवा निळा झगा घातला होता. मलाही मेण लावून चकाकवलं होतं. आज माझ्यातलं कोणीतरी बघणार, म्हणून मीही फुलले होते.

मिस्टर लमनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि माझ्यातून एक कार्ड उपसलं. "हे! मिस्टर ग्रीनवुड, हे सूत्र! आमच्या कचेरीत हे भिंतीवर लावलंय हो. कसं सुचतं तुम्हाला हे?" मग त्यांनी चष्मा पुढे घेतला. "पण हे पेन्सिलीत आहे. अक्षरही वेगळं दिसतंय. कोणाचं हे?"

हेस्टर किटली घेऊन उभी होती. तिने विल्फ्रेडकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू आलं होतं, नाव पुकारण्याआधी शाळेतल्या पोरीच्या चेहऱ्यावर येतं तसं.

विल्फ्रेड लाल झाला. मी त्याला चांगली ओळखते, तो वाईट माणूस नव्हता. पण कचेरीत त्याला कोणी विचारत नव्हतं, जगात त्याच्या मालकीची गोष्ट एकच होती, टीझल. ती हातची जाते की काय, असं त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, "छे हो, ते कच्चं काम. पेन्सिलीने कच्चं करतो, शाईने पक्कं."

"अस्सं!" मिस्टर लम म्हणाले. "काय शिस्त आहे. मिसेस ग्रीनवुड, तुम्हाला यातलं काही कळतं का हो? माझी बायको तर कोडं बघितलं की पळून जाते."

"दूध आधी घालू की नंतर?" हेस्टरने विचारलं.

मिस्टर लम गेले. हेस्टरने कप विसळले, पुसले, कपाटात लावले. मग कानामागची पेन्सिल काढून शिवणाच्या टोपलीत टाकली आणि म्हणाली, "कच्चं काम आता तूच करत जा, विल्फ."

"अगं, मी आपलं बोलून गेलो. त्या माणसासमोर काय सांगणार होतो?"

"माझं नाव. इंग्रजीत सहाच तर अक्षरं आहेत कोड्यात भरायची म्हटली तर. तेवढीही जड झाली का तुला?"

तो माझ्यातली कार्डं सरळ करत बसला. तिने पुन्हा विषय काढला नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणते. भांड्यांची आदळआपट झाली असती, दोघं रडली असती आणि मिटलं असतं. त्या घरात सगळं नीट चाललं. जेवण वेळेवर, रविवारी चर्च, गुरुवारी कोडं. फक्त तो सूत्र वाचून दाखवायला लागला की ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि बटाटे सोलत राहायची.

टीझलची कोडी गाठाळ झाली. नियमात चोख, पण दगडासारखी. पत्रं कमी झाली आणि आली ती वेगळी आली. 'टीझलला बरं नाही का?' असं त्या पाद्रीबुवांनी विचारलं. मिस्टर लमनी चार ओळी गोड शब्दांत लिहून शेवटी कळवलं की, थोडी विश्रांती घ्यावी. विल्फ्रेडला कारण माहीत होतं. हेस्टरजवळ जाऊन 'चुकलो' म्हणायचं होतं, एवढंच. दोन खोल्यांचं घर. ती बसायची त्या खुर्चीपासून हा बसायचा ती खुर्ची चार पावलांवर. पण माणसाची अक्कल बघा. त्याला वाटलं, साधं सांगण्यापेक्षा काहीतरी हुशारीचं करावं.

कोडं रचणाऱ्यांची एक खोड असते. कोड्याच्या चौकटीला चारी बाजूंनी कडेची घरं असतात. तिथली अक्षरं निरनिराळ्या शब्दांची असतात, ती ओळीने वाचली तर काही अर्थ लागत नाही. पण एखादा रचणारा असा घाट घालतो की, कोडं पूर्ण सुटलं की कडेकडेने एक छुपं वाक्य तयार व्हावं. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाला निरोप. आणि त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ज्याला सापडेल त्याला सापडेल. सांगितलं तर त्यातली मजा गेली, असा त्यांचा धर्म.

विल्फ्रेड सहा आठवडे त्या एका चौकटीवर बसला. किती कागद फाडले, किती वेळा खोडलं, ते मला माहीत. एक शब्द बसला की दुसरा मोडायचा. शेवटी जमलं. कडेच्या घरांतून उजवीकडून खाली आणि डावीकडून वर फिरत वाक्य येत होतं, 'उत्तम सूत्रं होती ती हेस्टरची. मला माफ कर.' इतकं सुंदर काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. मी त्या दिवशी त्याला मनापासून माफ केलं होतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी ते छापून आलं. सकाळी विल्फ्रेडने वर्तमानपत्र कोड्याच्या पानावर दुमडून हेस्टरच्या ताटलीशेजारी ठेवलं आणि अंड्याचं टोक फोडत तिच्याकडे चोरून बघत बसला. हेस्टरने ते उचलून बाजूला सरकवलं आणि चहा ओतला.

"आजचं कोडं बघितलंस?" त्याने विचारलं.

"तुझंच ना? मग त्यात काय बघायचं?"

मित्रांनो, इथेच घात झाला. विल्फ्रेड एक गोष्ट विसरला होता. हेस्टरने टीझलचं छापलेलं कोडं कधीच सोडवलं नव्हतं. कशाला सोडवेल? तिला सगळी उत्तरं आधीच माहीत असायची. तिचा संबंध कार्डाशी होता. छापून आलं की तिच्या लेखी ते गिरणीबाहेर गेलेलं कापड होतं. गेल्या वर्षभरात उत्तरं तिला माहीत नव्हती, पण आता तिला ती नकोच होती.

संध्याकाळी तिने ते पान टेबलावर पसरलं. विल्फ्रेड ताठ बसला. तिने त्यावर बटाटे सोलले, सालं गुंडाळली आणि पुडकं चुलीत टाकलं.

अरे, बोल! मी आतल्या आत ओरडत होते. बोल की रे बाबा, 'हेस्टर, त्यात तुझं नाव आहे.' एवढं म्हण. पण हा आपला धर्म पाळत बसला. रचणाऱ्याने उत्तर सांगायचं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्यांकडून तो अंक मागून आणला, कोडं कापलं, घडी घातली आणि माझ्यात 'एच' अक्षराच्या कार्डांमागे ठेवून दिलं. तिला कधीतरी सापडेल, अशी त्याची आशा होती.

महिन्याभराने व्हिटबीहून मिस ऑल्डरसन नावाच्या बाईंचं पत्र आलं. त्या निवृत्त पोस्टमास्तर होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'कडेची घरं वाचली. हेस्टर कोण ते मला माहीत नाही. पण तिला सांगा की, एका अनोळखी म्हातारीने ते वाचून चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ ती खिडकीशी उभी राहिली.' विल्फ्रेडने ते पत्र तीनदा वाचलं. 'आज सांगतोच' असं तो स्वतःशी पुटपुटला. त्या दिवशी हेस्टरची बहीण आली होती. दुसऱ्या दिवशी धुराडं साफ करायला माणूस आला. तिसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला. ते पत्रही माझ्यात गेलं, कात्रणाच्या शेजारी.

आणि आता ऐका, ज्यामुळे माझा जीव आजही तुटतो ते. हेस्टरने पेन्सिल टोपलीत टाकली होती ना, ती फार दिवस तिथे राहिली नाही. विल्फ्रेड कचेरीत गेला की त्याने टेबलावर पसरून ठेवलेली कार्डं ती आवरायची, माझ्यात जागच्या जागी लावायची. लावता लावता वाचायची. एके दिवशी वाचता वाचता तिने तोंड वाकडं केलं. "काय ही गाठ! असं कोणी सोडतं का?" तिने पेन्सिल आणली, कार्ड उलटलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूला आपलं सूत्र लिहिलं. रफू करणाऱ्या बाईच्या हातून गाठ सुटत नाही, काय करणार? मग तिला ती सवयच लागली. रागही होता आणि हातही थांबत नव्हता. पहिले काही दिवस ती कार्ड थोडं वर राहील असं ठेवायची. म्हणजे तो उचलेल, उलटेल, विचारेल. पण विल्फ्रेड कार्डाची पाठ कधी बघत नसे. त्याने कार्ड खाली दाबलं की तीही मान हलवून कामाला लागायची.

एकदा 'एच'चं कार्ड लावताना तिच्या बोटांना कात्रण लागलं. तिने घडी अर्धवट वर ओढली. तिच्या बोटांनी चाचपावं, उघडावं, म्हणून मी श्वास रोखला. पण दुसऱ्याचे कागद उघडायचे नाहीत, अशी तिची रीत. शेजारचं पत्राचं पाकीट तिला दिसलं. "आणखी एक कौतुक," ती म्हणाली आणि दोन्ही खाली दाबून टाकलं. तिने नुकतंच ज्या कार्डाच्या पाठीवर लिहिलं होतं ते त्या कात्रणाला टेकून उभं होतं. त्याची माफी आणि तिची पेन्सिल एकमेकींना चिकटून होत्या, आणि चार वर्षं तशाच राहिल्या.

चार वर्षांनी फेब्रुवारीत हेस्टर अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढताना पडली. तिला झटका आला होता. अर्धं अंग गेलं आणि बोलणं गेलं. इस्पितळात ती तीन आठवडे होती. दुसऱ्या आठवड्यात विल्फ्रेड घरी आला, त्याने माझ्यातून कात्रण आणि पत्र काढलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून तो घाईने निघून गेला. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. परत आल्यावर तो हेस्टरच्या खुर्चीसमोर उभा राहून म्हणाला, "सगळं वाचून दाखवलं मी. ती खिडकीकडे बघत होती. तिला कळलं की नाही, कळलं की नाही, ते मला कळलं नाही." मग तो लहान मुलासारखा रडला.

हेस्टर गेली. विल्फ्रेडने मिस्टर लमना कळवलं की टीझल यापुढे कोडी रचणार नाही. एका सकाळी तो कार्डं फाडून टाकायला बसला. गठ्ठा हातातून निसटला, कार्डं जमिनीवर पसरली, निम्मी पालथी. तो वाकला आणि तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. पालथ्या कार्डांवर पेन्सिल होती. त्याने एकेक कार्ड उलटून पाहिलं. बहात्तर कार्डांच्या पाठीवर तिने लिहिलं होतं.

त्याने एकही फाडलं नाही. ती बहात्तर त्याने वेगळी काढली, आणि रोज सकाळी चहाबरोबर एक घेऊ लागला. पुढची बाजू न बघता, पाठ तेवढी वाचायची आणि उत्तर शोधायचं. इतकी वर्षं शब्द त्याचा असायचा, उत्तर त्याला आधी ठाऊक असायचं. तिचं सूत्र सोडवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. आता तो त्या पाद्रीबुवांसारखा फसायचा, भलत्याच वाटेला जायचा, कपाळावर हात मारायचा. एखाद्या कार्डाला सगळी सकाळ लागायची. सुटलं की तो समोरच्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणायचा, "छान आहे गं हे, हेस्टर."

पुढे विल्फ्रेडही गेला, तेव्हा घर रिकामं करायला हेस्टरची भाची ब्रेंडा आली. कार्डं, कात्रण, पत्र, सगळं रद्दीत गेलं. तिला तरी काय माहीत? मला तिने आपल्या या भाजीच्या तुकड्यावर आणलं, हेच उपकार समजायचे.

मित्रांनो, मी लाकडाची आहे, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाचं काम खपत असेल, तर त्याचं नाव घ्या. चार माणसांत घ्या, आणि तो किंवा ती किटली घेऊन शेजारी उभी असेल तेव्हाच घ्या. चुकलं असेल तर साध्या शब्दांत म्हणा. हुशारी दाखवायला बाकीचं जग पडलं आहे, घरातल्या माणसासमोर ती नको. आणि आपल्या हातातल्या कागदाची पाठही कधीतरी उलटून बघा. मी त्या स्वयंपाकघरात 'छान आहे गं हे, हेस्टर' असं बहात्तर वेळा ऐकलं आहे. ज्या बाईसाठी ते होतं, तिने त्यातलं एकदाही ऐकलं नाही.